मॉर्मन संप्रदायाची प्रकाशने आणि वर्णभेदाची मीमांसा

इ. स. १८७९ च्या मे महिन्याच्या अखेरच्या दिवशी, युटा प्रदेशातील प्रोव्हो या गावी अब्राहम स्मूट यांच्या घरी एक लहानशी बैठक भरली होती. त्या वेळी मॉर्मन संप्रदायाची धुरा वाहणारे जॉन टेलर हे तीस उपस्थित होते. संप्रदायाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांनी आफ्रिकी वंशाच्या पुरुषांस पौरोहित्याचा अधिकार नाकारला होता काय, एवढाच प्रश्न बैठकीपुढे होता. स्मिथ यांचा मृत्यू होऊन पस्तीस वर्षे लोटली होती व त्यांचा या विषयावरील स्पष्ट असा लेखी निर्णय कोणापाशीही नव्हता. झेबेडी कोल्ट्रिन नावाच्या वृद्ध अनुयायाने साक्ष दिली की, १८३४ मध्येच स्मिथ यांनी हा अधिकार नाकारल्याचे आपण स्वतः ऐकले. आणि एलायजा एबल्स या कृष्णवर्णीय गृहस्थास त्याचे कूळ कळताच पदावरून दूर करण्यात आले. ही साक्ष ऐकल्यावर जोसेफ एफ्. स्मिथ हे संस्थापकांचे पुतणे एबल्स यांना जाऊन भेटले. एबल्स तेव्हा हयात होते, सॉल्ट लेक सिटीतच राहत होते, आणि त्यांच्यापाशी आपल्या पदाची दोन प्रमाणपत्रे होती. त्यांतील एक १८४१ चे होते. कूळ कळताच ज्यास काढून टाकले असे सांगितले जात होते, त्याचे पद तदनंतर कित्येक वर्षांनी पुन्हा लेखी मान्य केल्याचा तो पुरावा होता. याहूनही विलक्षण गोष्ट अशी की, डिसेंबर १८३६ मध्ये एबल्स यांना ‘सत्तर’ या प्रचारकमंडळाची दीक्षा ज्यांनी दिली, ते स्वतः कोल्ट्रिनच होते.

या एका प्रसंगात प्रस्तुत विषयाचे सारे सूत्र आले आहे. कागद एक सांगतो, स्मृती दुसरे सांगते, आणि पुढील प्रकाशनांत छापली जाते ती स्मृती.

मराठी वाचकास या संप्रदायाची थोडी ओळख करून देणे अवश्य आहे. ‘मॉर्मन’ हे लोकांनी दिलेले नाव. अधिकृत नावाचा आशय ‘येशू ख्रिस्ताचे, उत्तरकालीन संतांचे चर्च’ असा होतो. ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात त्याची स्थापना झाली. त्याच्या काही दिवस आधी त्याच राज्यातील पाल्मायरा या गावी ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा त्यांचा धर्मग्रंथ छापून निघाला होता. म्हणजे या पंथात ग्रंथ आधी छापला गेला आणि मंडळी नंतर जमली. पुढेही ही मंडळी जेथे जेथे गेली तेथे तेथे छापखाना आणि नियतकालिक ही त्यांच्याबरोबर गेली.

पौरोहित्य या शब्दाचाही खुलासा केला पाहिजे. या संप्रदायात व्यावसायिक पुरोहितांचा वर्ग नाही. सदाचारी अशा बहुतेक प्रत्येक पुरुषास पौरोहित्याची दीक्षा मिळते. त्यामुळे ते नाकारणे म्हणजे एखादे उच्च पद नाकारणे नव्हे, तर सामान्य धार्मिक नागरिकत्वच नाकारणे होय. वेदोक्ताच्या वादाचा इतिहास ज्यास ठाऊक आहे, त्याला यातील मर्म वेगळे समजावून सांगावयास नको. १८५२ पासून १९७८ पर्यंत, म्हणजे सव्वाशे वर्षे, आफ्रिकी वंशाच्या पुरुषांस ही दीक्षा आणि स्त्रीपुरुष दोघांसही मंदिरातील श्रेष्ठ विधी नाकारले गेले. ते सभासद होऊ शकत. बाप्तिस्मा त्यांना मिळे. परंतु पंथाच्या श्रद्धेप्रमाणे ज्या विधींनी कुटुंब मरणोत्तर अखंड राहते, त्या विधींच्या दाराशी त्यांना थांबावे लागे.

या निर्बंधाची चर्चा बहुधा संकलनग्रंथांच्या आधारे होते. त्यांत निरनिराळ्या काळांतील वचने विषयवार लावलेली असतात, आणि १८४२ चे वचन १९३१ च्या वचनाशेजारी बसले की दोन्ही एकाच सनातन सिद्धान्ताची अंगे भासू लागतात. हीच प्रकाशने कालक्रमाने वाचली असता निराळे चित्र दिसते. (तत्कालीन लिखाणात सर्रास येणारा ‘निग्रो’ हा शब्द आम्ही ग्रंथनामांपुरताच ठेवला आहे.)

आरंभ मिझुरीपासून करणे योग्य होईल. तेथील इंडिपेन्डन्स या गावी डब्ल्यू. डब्ल्यू. फेल्प्स हे ‘ईव्हनिंग अँड द मॉर्निंग स्टार’ हे मासिक चालवीत. जुलै १८३३ च्या अंकात त्यांनी मुक्त कृष्णवर्णीयांसंबंधी मिझुरीचा कायदा छापून, असे लोक पंथात आल्यास काय सावधगिरी बाळगावी हे सांगितले. मिझुरी हे गुलामगिरी मान्य असलेले राज्य. शेजारच्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्या लेखाचा अर्थ ‘हे लोक मुक्त कृष्णवर्णीयांस येथे बोलावीत आहेत’ असा घेतला. फेल्प्स यांनी घाईने पुरवणी काढून तसा हेतू नसल्याचे, इतकेच नव्हे तर अशा लोकांचे आगमन टाळण्याचाच हेतू असल्याचे जाहीर केले. त्याचा उपयोग झाला नाही. २० जुलै रोजी जमावाने छापखान्याची इमारत पाडली. या विषयावरील मॉर्मनांच्या पहिल्याच लेखाची किंमत अशी छापखान्याने मोजली. पुढे स्टीफन टॅगर्ट यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात सारा निर्बंध मिझुरीच्याच भयातून उपजला असे मांडले. ते आम्हांस अपुरे वाटते, कारण मिझुरीनंतरच एबल्स यांना दीक्षा मिळाली आहे. परंतु त्या भयाची छाया पुढील लिखाणावर पडली हे नाकारता येत नाही.

ओहायोतील कर्टलंड येथून निघणाऱ्या ‘मेसेंजर अँड ॲडव्होकेट’ या मासिकाचा १८३६ चा खंड या दृष्टीने मुद्दाम पाहण्यासारखा आहे. एप्रिलच्या अंकात स्मिथ यांचे एक दीर्घ पत्र आहे. त्यात गुलामगिरीच्या उच्छेदकांवर टीका असून, हॅमच्या वंशास मिळालेल्या शापाच्या बायबलातील कथेचा आधार घेतला आहे. हा युक्तिवाद त्या काळी दक्षिणेतील कोणत्याही प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाच्या तोंडी ऐकू आला असता; त्यात मॉर्मनांचे असे काही नाही. आणि दोनच महिन्यांनी, जूनच्या अंकात, परवाने मिळालेल्या ‘एल्डर’ म्हणजे दीक्षित प्रचारकांच्या यादीत एलायजा एबल्स यांचे नाव आहे. शाप आणि दीक्षा एकाच खंडात शेजारी शेजारी आहेत, आणि संपादकास त्यात विसंगती वाटलेली दिसत नाही. शापाचा संबंध तोवर दास्याशी होता, पौरोहित्याशी नव्हे, हेच यावरून दिसते. स्मिथ यांचे स्वतःचे मतही पुढे पालटले. १८४४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे असताना छापलेल्या पत्रकात, सरकारी जमिनींच्या विक्रीतून मालकांस मोबदला देऊन १८५० पर्यंत गुलामगिरी संपवावी, अशी त्यांनी सूचना केली होती.

मूळ धर्मग्रंथांत वर्णभेदाचे बीज नव्हते असे मात्र कोणी म्हणू नये. ‘बुक ऑफ मॉर्मन’मध्ये लेमनाइट नावाच्या लोकांवर ईश्वरी शापामुळे काळ्या त्वचेची खूण आल्याचे वर्णन आहे, आणि अमेरिकेतील मूळ रहिवासी हे त्यांचेच वंशज, असे अनुयायी मानीत. त्याच ग्रंथात अन्यत्र काळा-गोरा, दास-मुक्त असे सारे ईश्वरास समान असल्याचेही म्हटले आहे. यांपैकी कोणते वचन केव्हा उचलले गेले, हे पाहण्यासारखे आहे. एक पाठभेद विशेष लक्षणीय आहे. लेमनाइट पुढे श्रद्धावान होतील तेव्हा ते ‘गोरे’ होतील असे १८३० च्या आवृत्तीत होते. १८४० च्या नॉव्हू येथील आवृत्तीत तेथे ‘शुद्ध’ असा शब्द घालण्यात आला. पण इंग्लंडातील आवृत्ती १८३७ च्या पाठावरून निघाली व पुढील आवृत्त्यांनी तिचेच अनुकरण केले. सबब जुना शब्द कायम राहिला. दुरुस्ती पुन्हा ग्रंथात यावयास १९८१ साल उजाडावे लागले. मार्च १८४२ मध्ये ‘टाइम्स अँड सीझन्स’ या पत्रात ‘बुक ऑफ अब्राहम’ प्रसिद्ध झाले. त्यात मिसरच्या फेरोच्या कुळास पौरोहित्याच्या बाबतीत शाप असल्याचा उल्लेख आहे. पुढे या वचनास निर्बंधाचा मुख्य आधार मानण्यात आले. तथापि ते छापले जात असताना एबल्स नॉव्हूतच राहत होते आणि त्यांचे पद अबाधित होते.

निर्बंध प्रत्यक्षात आला तो ब्रिगम यंग यांच्या काळी. मार्च १८४७ मध्ये याच यंग यांनी लोवेल येथील वॉकर लुईस या कृष्णवर्णीय न्हाव्याचा उत्तम ‘एल्डर’ म्हणून गौरवाने उल्लेख केल्याची नोंद आहे. त्या वर्षाच्या अखेरपर्यंत सूर बदलला. लुईस यांच्या मुलाने गोऱ्या स्त्रीशी विवाह केल्याची वार्ता आली होती. विल्यम मॅकॅरी नावाच्या दुसऱ्या एका दीक्षिताच्या वर्तनाने छावणीत खळबळ माजली होती. आणि दक्षिणेकडील काही अनुयायी आपल्या गुलामांसह युटात येत होते. फेब्रुवारी १८५२ मध्ये युटाच्या विधिमंडळापुढे यंग यांनी उघडपणे सांगितले की, केनने आपल्या भावाचा वध केला, म्हणून त्याच्या वंशास पौरोहित्य मिळणार नाही. गुलामांच्या ‘सेवे’चे नियमन करणारा कायदा याच अधिवेशनात झाला. ऑर्सन प्रॅट या ज्येष्ठ सहकाऱ्याने त्यास विरोध केला होता. या चर्चांची लघुलिपीतील टिपणे उलगडून त्यांचा सविस्तर अभ्यास २०२४ मध्ये पॉल रीव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला आहे. रीव्ह यांचा आणखी एक मुद्दा महत्त्वाचा आहे. बाहेरचे अमेरिकन लोक बहुपत्नीकत्वामुळे मॉर्मनांनाच एक हीन व भ्रष्ट वंश म्हणून हिणवीत. त्यामुळे आपण गोरेच आहोत हे सिद्ध करण्याची निकड या मंडळींस अधिक होती.

लिव्हरपूल येथून १८५४ ते १८८६ या काळात ‘जर्नल ऑफ डिस्कोर्सेस’चे सव्वीस खंड निघाले. पंथनेत्यांची प्रवचने त्यांत शब्दशः छापली जात. मार्च १८६३ च्या एका प्रवचनात यंग यांनी गोऱ्या पुरुषाने आफ्रिकी वंशाच्या व्यक्तीशी संबंध ठेवल्यास तत्काळ मृत्यू हा ईश्वरी दंड सांगितला आहे. मुलांसाठी निघणाऱ्या ‘जुव्हेनाइल इन्स्ट्रक्टर’मध्ये १८६८ च्या सुमारास मानवजातींवर लेखमाला आली, तीत कृष्णवर्णीयांच्या बुद्धीचे हीनत्व शास्त्रीय माहितीच्या थाटात सांगितले आहे. आमच्या मते प्रवचनापेक्षा हे पान अधिक परिणामकारक ठरले असले पाहिजे. प्रवचन वादासाठी असते. बालमासिकात जे येते ते गृहीत धरून पुढे जाण्यासाठी.

परंतु केनच्या शापात एक अडचण होती. पित्याच्या पापाचे फळ पुत्राने भोगावयाचे नाही, असे या पंथाचेच एक मूलभूत वचन आहे. मग हजारो वर्षांपूर्वीच्या हत्येसाठी आज जन्मलेले मूल दोषी कसे ? ही अडचण दूर करण्यासाठी दुसरी उपपत्ती पुढे आली. आत्मे जन्मापूर्वी ईश्वराजवळ असतात असे हा पंथ मानतो. प्रॅट यांनी १८५३ मध्ये ‘द सीअर’ या पत्रात असे सुचविले की, त्या पूर्वावस्थेतील आचरणानुसार आत्म्यांस भिन्न भिन्न वंशांत जन्म मिळतो. तेथील संग्रामात जे तटस्थ राहिले त्यांना काळी त्वचा मिळाली, असा लोकसमज यातून पसरला. १८६९ मध्ये यंग यांना हा प्रश्न थेट विचारला गेला असता, स्वर्गात कोणीही तटस्थ नव्हते, असे उत्तर त्यांनी दिले. विल्फर्ड वुडरफ यांच्या रोजनिशीत त्याची नोंद आहे. म्हणजे निर्बंधाच्या प्रवर्तकानेच ही उपपत्ती फेटाळली होती. तरीही १८८५ मध्ये बी. एच्. रॉबर्ट्स यांनी ‘द कॉन्ट्रिब्यूटर’ या तरुणांच्या मासिकात ती सौम्य रूपात मांडली, आणि जोसेफ फील्डिंग स्मिथ यांनी १९२४ मधील ‘इम्प्रूव्हमेंट एरा’तील लेखात व १९३१ च्या ‘द वे टू परफेक्शन’ या ग्रंथात तिला जवळजवळ अंतिम रूप दिले. हे लेखक पंथाचे अधिकृत इतिहासकार होते, ही गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे.

पूर्वजन्मीच्या कर्माने वर्तमान जातीचे समर्थन करण्याची युक्ती आपणांस अपरिचित नाही. दोन्हीकडे लाभ सारखाच होतो: अन्याय करणाऱ्याच्या हातून जबाबदारी सुटते आणि सोसणाऱ्याच्या माथी येऊन बसते, व पुराव्याचा प्रश्नच उरत नाही.

येथे पुन्हा एबल्स यांच्याकडे वळू. सुतारकाम करणाऱ्या या मनुष्याने सॉल्ट लेक मंदिराच्या उभारणीत हातभार लावला होता. मंदिरविधीसाठी त्यांनी केलेला अर्ज यंग आणि टेलर या दोघांनीही नामंजूर केला. तरीही उतारवयात ते पुन्हा प्रचारास गेले, आजारी होऊन परतले आणि २५ डिसेंबर १८८४ रोजी निवर्तले. ‘डेझरेट न्यूज’ या पंथाच्या वृत्तपत्राने मृत्युलेखात त्यांच्या दीक्षेचा उल्लेख केला. १९२० मध्ये अँड्र्यू जेन्सन यांच्या चरित्रकोशातही तो आला, मात्र ‘अपवाद’ म्हणून. दरम्यान, १८७९ मध्ये ज्यांनी ती प्रमाणपत्रे पाहिली होती, ते जोसेफ एफ्. स्मिथ पंथप्रमुख झाले होते. १९०८ मध्ये त्यांनी सांगितले की, एबल्स यांची दीक्षा स्वतः संस्थापकांनीच रद्दबातल ठरविली होती. मत पालटण्यास नवा कागद कोणता मिळाला, याचा उल्लेख नाही.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये जेन मॅनिंग जेम्स यांचा मृत्यू झाला. कनेटिकटमधून निघून, वाटेत बोटीचे भाडे नाकारले गेल्यावर शेकडो मैल पायी चालत, ही कृष्णवर्णीय स्त्री १८४३ मध्ये नॉव्हूस पोहोचली आणि स्मिथ यांच्या घरी राहिली. १८८४ पासून मंदिरविधी मिळावा म्हणून त्या पंथप्रमुखांस विनवीत होत्या. १८९४ मध्ये त्यांना विधी मिळाला तो संस्थापकांच्या कुटुंबातील कन्या म्हणून नव्हे, तर चिरंतन सेविका म्हणून. आणि तोही मंदिरात त्यांच्या जागी दुसरी, गोरी स्त्री उभी करून. डिसेंबर १९०५ च्या ‘यंग वुमन्स जर्नल’मध्ये मात्र त्यांच्या आठवणी मोठ्या आदराने छापल्या आहेत. संस्थापकांचे गुण सांगण्यासाठी त्यांचा शब्द प्रमाण होता.

हा निर्बंध मूळ ग्रंथांतून अपरिहार्यपणे निघाला काय, याची कसोटी इतिहासानेच पुरविली आहे. स्मिथ यांच्या मृत्यूनंतर युटास न गेलेला एक गट त्यांच्या पुत्राच्या, तिसऱ्या जोसेफ स्मिथच्या, नेतृत्वाखाली संघटित झाला. त्याचाही ग्रंथ ‘बुक ऑफ मॉर्मन’च, संस्थापकही तेच. या गटाने मे १८६५ मध्ये, यादवी युद्ध संपता संपता, कृष्णवर्णीयांस दीक्षा देण्याची मुभा साक्षात्कार म्हणून प्रसिद्ध केली. अर्थात घाई न करण्याच्या सूचनेसह. या गटाने ‘बुक ऑफ अब्राहम’ला धर्मग्रंथ मानले नव्हते हे खरे. परंतु युटातही ते धर्मग्रंथ म्हणून मान्य झाले ते १८८० मध्ये, म्हणजे निर्बंधानंतर अठ्ठावीस वर्षांनी. त्यामुळे वचनातून रूढी निघाली असे म्हणण्यापेक्षा रूढीसाठी वचन सापडले, असे म्हणणे अधिक सयुक्तिक होय.

विसाव्या शतकात लॉरी नेल्सन या ग्रामीण समाजशास्त्रज्ञाने क्यूबातील प्रचाराच्या संदर्भात १९४७ मध्ये पंथप्रमुखांशी पत्रव्यवहार करून हा सिद्धान्त अन्याय्य असल्याचे कळविले. त्यांचे समाधान झाले नाही व १९५२ मध्ये त्यांनी ‘द नेशन’ या साप्ताहिकात आपले मत जाहीर केले. दरम्यान, १९४९ च्या अधिकृत निवेदनात निर्बंध हे धोरण नसून प्रत्यक्ष ईश्वराज्ञा असल्याचे घोषित झाले होते. त्यात केनचा शाप आणि पूर्वावस्थेतील आचरण या दोन्ही उपपत्ती एकापुढे एक ठेवल्या आहेत. त्यांतील एकीच्या जनकाने दुसरीचा पाया फेटाळला होता याची दाद नाही. डेव्हिड ओ. मकाय हे पंथप्रमुख १९५४ मध्ये तत्त्वज्ञ स्टर्लिंग मकमरिन यांस खासगीत म्हणाले होते की, हा सिद्धान्त नसून केवळ व्यवहार आहे व तो कधीतरी बदलेल. परंतु हे छापले गेले नाही. छापला गेला तो १९५८ मध्ये ब्रूस मकॉन्की यांचा ‘मॉर्मन डॉक्ट्रिन’ हा कोशवजा ग्रंथ, आणि त्याने जुनी मते अकारविल्हे लावून घराघरांत नेली.

ज्यांच्याविषयी लिहिले जात होते तेही आता ते वाचू लागले होते. नायजेरियात अनेक लोक पंथाची पुस्तके वाचून आपण होऊन मंडळ्या स्थापीत होते, आणि १९६० नंतर तेथे प्रचारक पाठविण्याची सिद्धता चालली होती. त्या सुमारास कॅलिफोर्नियात शिकणाऱ्या एका नायजेरियन विद्यार्थ्याच्या हाती जॉन स्टुअर्ट यांचे १९६० मध्ये निघालेले ‘मॉर्मनिझम अँड द निग्रो’ हे समर्थनपर पुस्तक पडले. मार्च १९६३ मध्ये ‘नायजेरियन आउटलुक’ या वृत्तपत्रात त्याने या शिकवणीवर कडक टीका केली. नायजेरियन सरकारने प्रचारकांस परवाने नाकारले आणि ती योजना बारगळली.

१९७३ मध्ये ‘डायलॉग’ या स्वतंत्र त्रैमासिकात लेस्टर बुश यांचा प्रदीर्घ लेख आला. बुश हे व्यवसायाने वैद्य आणि स्वतः श्रद्धावान अनुयायी. त्यांनी उपलब्ध कागदपत्रे केवळ कालक्रमाने लावली आणि दाखवून दिले की, निर्बंध संस्थापकांनी घातल्याचा समकालीन पुरावा नाही. तो यंग यांच्या काळापासूनच सुरू होतो. पंथाच्या नेत्यांनीही हा लेख वाचला होता. याच काळात ब्राझीलमध्ये, जेथे कोणाच्या पूर्वजांत आफ्रिकी रक्त आहे हे ठरविणेच अशक्य, साओ पाउलो येथे मंदिराचे काम चालू होते. जून १९७८ मध्ये स्पेन्सर किंबल यांनी साक्षात्कार झाल्याचे सांगून निर्बंध उठविला. ऑगस्टमध्ये मकॉन्की यांनी एका भाषणात आपण स्वतः, यंग किंवा अन्य कोणी पूर्वी जे काही या विरुद्ध बोलले असेल ते विसरून जावे असे सांगितले. मात्र ‘मॉर्मन डॉक्ट्रिन’ २०१० पर्यंत विक्रीस होते.

डिसेंबर २०१३ मध्ये पंथाने आपल्या संकेतस्थळावर एक निबंध प्रसिद्ध करून शाप व पूर्वाचरण या दोन्ही उपपत्ती नाकारल्या, आणि संस्थापकांच्या हयातीत काही कृष्णवर्णीयांस दीक्षा मिळाल्याचे मान्य केले. १८३६ च्या जूनच्या अंकात जे छापले होते, ते असे एकशे सत्त्याहत्तर वर्षांनी पुन्हा अधिकृत झाले. तरीही २०२० या वर्षासाठी सभासदांच्या घरगुती अभ्यासाची जी पुस्तिका छापली गेली, तीत लेमनाइटांची काळी त्वचा ही शापाची खूण असल्याचे जोसेफ फील्डिंग स्मिथ यांचे जुने स्पष्टीकरण एका टिपणातून पुन्हा आले. जानेवारी २०२० मध्ये गॅरी स्टीव्हनसन या ज्येष्ठ नेत्याने कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संस्थेच्या समारंभात त्याबद्दल खेद व्यक्त केला. संगणकावरील प्रत तोवर दुरुस्त झाली होती; छापील प्रती घरोघरी पोहोचल्या होत्या, त्या तशाच राहिल्या.